तेल न खाणारं इंजिन

माझ्या धंद्यातली मोठी अडचण ही, की काम नीट झालं तर ते कुणाला दिसत नाही. गाडी रस्त्यात बंद पडली, मिस्त्री आला, बॉनेटमध्ये डोकं घालून त्याने ठोकाठोक केली आणि गाडी सुरू झाली, की लोक त्याला चहा पाजतात. पण गाडी बंदच पडू नये म्हणून जो महिनाभर तिची नाडी बघत असतो, त्याला मालक विचारतो, "तुम्ही नेमकं करता तरी काय?" जामच्या चौफुलीवर टिनाच्या छपराखाली माझी सगळी हयात या प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली. आता हात थरथरतात, पाना धरवत नाही, म्हणून लेखणी धरून बघतो आहे. चार शहाणपणाच्या गोष्टी लिहाव्यात असं ठरवून बसलो होतो. पण राहून राहून एकच गाडी आठवते, आणि त्या गाडीचं मला अजूनही नीट उमगलेलं नाही.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि डिझेलची गाडी अजून नवलाईची होती. अल्लीपूरहून हिंगणघाटवरून जामपर्यंत एक खाजगी बस धावायची. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली विलायती लॉरी, तिच्यावर इथल्या सुताराने बांधलेली लाकडी बॉडी आणि आत चार सिलिंडरचं म्हातारं इंजिन. मालक होते यादवराव. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्यांनी ही बस घेतली होती, आणि गाव ताब्यात ठेवल्यासारखीच ते ती ताब्यात ठेवायचे. बोलणं कमी, पण शब्द फिरवायची सवय नाही. आधीच्या ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये पाणी न बघता गाडी दामटली होती, तर त्याला भर रस्त्यात खाली उतरवून ते स्वतः पायी घरी आले होते, ही गोष्ट सगळ्या तालुक्याला माहीत होती.

त्याच्या जागी आले ते झिंगरुजी. पन्नाशीला टेकलेले, बुटके, डोक्याला लाल पटका. अर्धं आयुष्य बैलगाडीवर कापूस वाहिलेला माणूस. लढाईच्या दिवसांत एका ठेकेदाराच्या लॉरीवर क्लीनर म्हणून चढले आणि ड्रायव्हर होऊन उतरले. त्या वयात त्यांना दुसरा मालक मिळणं कठीण होतं हे तर खरंच, पण त्याहून खरं हे, की त्यांना दुसरी गाडी नकोच होती. सकाळी निघण्याआधी ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "जनावर हाय. अंगावर हात फिरवल्याबिगर जुपाव कसं?"

मी नागपूरचा. बाप शिंपी, घरात जनावर म्हणजे एक मांजर. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये शिकून इथे आलेलो, आणि शिकलेलं सगळं एका वहीत लिहिलेलं. किती मैलांवर तेल बदलायचं, किती मैलांवर नोझल काढून फवारा तपासायचा, व्हॉल्व्हच्या फटीत किती जाडीची पट्टी सरकली पाहिजे. त्यात मी इथली भर घातली होती. कापसाच्या दिवसांत रस्त्यावर गाड्यांमागून गाड्या असतात, त्यांच्यातून उडालेला कापूस रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतो आणि इंजिनाला वारा लागत नाही, म्हणून त्या दिवसांत जाळी रोज झाडायची. हवेच्या गाळणीतलं तेल दर आठवड्याला बदलायचं, कारण आमची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. डिझेल टाकीत ओतण्याआधी रात्रभर पिंपात स्थिर होऊ द्यायचं, म्हणजे पाणी तळाला बसतं. यात कुठलीच जादू नाही. पण लोकांच्या गळी उतरवणं म्हणजे दिव्य होतं. कारंज्याचा एक ट्रकवाला इंजिनातलं तेल काळं झालं तरी बदलू द्यायचा नाही. म्हणायचा, "पिकलं आता ते. नवं कच्चं तेल कायले टाकता?" त्याच्याशी वाद घालून माझा घसा बसला होता.

म्हणून झिंगरुजींना समजावताना मी वही बाजूला ठेवली. म्हटलं, "झिंगरुजी, म्हातारा बैल आजारी पडल्यावर तुम्ही वैद्याकडं धावता का आधीच काळजी घेता?"

"आधीच. म्हाताऱ्याले आधीच जपाव लागते. पडला का मंग उठत नाई."

"बस्स. याले पण तसंच जपा."

त्यांनी मान डोलावली. इतकं सोपं करून सांगता आलं याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. वर्कशॉपमधल्या साहेबालाही हे जमलं नसतं, असंही वाटलं.

आणि झिंगरुजींनी जपलं. जाळी रोज झाडलेली, डिझेल गाळलेलं, टायर पुसलेले. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तेलाची सळई काढून बघायची, हा माझा नियम त्यांनी देवपूजेसारखा पाळला. वर्षभर गाडी एकदाही रस्त्यात थांबली नाही. यादवरावांनी मला एकदा विचारलं होतं ते "तुम्ही नेमकं करता तरी काय" पुन्हा विचारलं नाही.

मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. जुनं इंजिन थोडं तेल खातंच. पिस्टनच्या कड्या झिजलेल्या असतात, त्यांच्या बाजूने तेल वर चढतं आणि डिझेलबरोबर जळून जातं. हे इंजिन आठवड्याला साधारण अर्धा शेर तेल खायचं आणि तेवढं मी माझ्या डब्यातून भरायचो. पण त्या पावसाळ्यानंतर सळईवरची खूण हलेना. आठवडा गेला, पंधरवडा गेला, तेल तेवढंच.

मी झिंगरुजींना विचारलं, "तेल टाकलं का कुठून?"

"तुमच्या डब्याले हात नाई लावला मिस्त्री. बरोबर हाय न तेल?"

"बरोबर आहे. तेच तर कळून नाही राह्यलं."

इंजिन म्हातारपणी तरुण होत नाही. मग तेल खायचं थांबलं कसं? माझी पहिली शंका, डिझेल गळून तेलात मिसळतं आहे आणि पातळी राखतं आहे. तसं असेल तर तेल पातळ व्हायला हवं. मी बोटावर घेऊन चोळलं, तर उलट दाट. बोटं दूर केली की मधे तार धरत होतं. पाणी शिरलं असेल तर तेल दुधाळ दिसतं, तेही नाही. मी तेल बदललं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आणि आता सकाळी गाडी सुरू होईना. अल्लीपूरच्या भाजीवाल्या बाया टोपल्या खाली ठेवून धक्का मारायच्या, तेव्हा ती खोकत खोकत उठायची. दुपारी तापायची. मी नोझल काढून तपासले, ठीक. व्हॉल्व्हची फट तपासली, ठीक. वहीतलं एकेक कलम दोनदा केलं. जितकी जास्त काळजी घ्यावी तितकं ते इंजिन बिघडत होतं. असं कधी कुठे लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. रात्री वही उशाशी घेऊन झोपायचो आणि सकाळी तितकाच गोंधळलेला उठायचो.

बाजाराच्या दिवशी हिंगणघाटच्या अलीकडे वणा नदीच्या चढावर गाडी थांबली. त्या आठवड्यात दुसऱ्यांदा. यादवराव त्याच गाडीत बसलेले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आता हे शेवटचं. अजून एकदा थांबली का गाडी इकून टाकतो. अन् ड्रायव्हरचा हात वाईट असंन त मले सांगा, त्याले आजच घरी पाठवतो."

झिंगरुजी तिथेच उभे होते. पटक्याचं टोक काढून बॉनेट पुसत राहिले.

मी गाडी ओढत माझ्या छपराखाली आणवली आणि वरचं झाकण उघडलं. आतल्या सगळ्या भागांवर तपकिरी, चकचकीत थर. नखाने खरवडला तर चिवट पापुद्रा निघाला. इंजिनात काजळी बघितली होती, गाळ बघितला होता, पण हे म्हणजे सुताराने दाराला रोगण लावावं तसं होतं. वास ओळखीचा होता, पण गॅरेजमधला नव्हता. कुठला ते काही केल्या आठवेना.

दुपारी झिंगरुजींची बायको, वच्छलाबाई, डबा घेऊन आली. ती याच गाडीने भाजी घेऊन बाजाराला यायची. झिंगरुजी तेव्हा मालकाकडे गेले होते. ती इंजिनाजवळ आली, नाक वर करून हुंगलं आणि म्हणाली, "जवसाचं जळून राह्यलं का काई?"

"जवसाचं?" मी विचारलं.

"घरात तेल पुरतच नाई मिस्त्री. कढईत कमी अन् याच्या पोटात जास्त. शनवार आला का अर्धा शेर मोजून घेऊन जाते."

"कोण?"

"आमचे हे. म्हाताऱ्या बैलाले ढरक्यानं पाजतात न, जवसाचं तेल? आतून नरम राह्यते, थकवा निघते. तसंच. तुमीच सांगतलं म्हने, बैलासारखं जपा म्हणून."

ढरका म्हणजे तिरका कापलेला बांबूचा नळ. बैलाची मान वर करून त्याच्या तोंडात औषध किंवा तेल ओततात, तो. कष्टाचे दिवस संपले की आमच्याकडचा शेतकरी बैलाला असं तेल पाजतो, हे मी ऐकून होतो. पण शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ते बैलाच्या पोटातून थेट इंजिनाच्या पोटात येईल हे कुठून सुचणार? झिंगरुजींनी मला सांगितलं नाही यात लपवाछपवीही नव्हती. बैलाला तेल पाजलं हे गाडीवान कुणाला सांगत बसतो का?

आता बाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जवसाचं तेल फोडणीला उत्तम, पण ते वाळतं. वाळून त्याचा पापुद्रा होतो, म्हणून तर सुतार ते लाकडाला लावतात. इंजिनाच्या उष्णतेत ते आणखी लवकर वाळलं, तेलाच्या बारीक वाटा बुजल्या, पिस्टनच्या कड्या जागच्या जागी चिकटल्या. सगळा उलगडा झाला. तेल का कमी होत नव्हतं, दाट का होत होतं, सकाळी का उठत नव्हतं. तो एकच तास मी या सगळ्या प्रकरणात गोंधळलेला नव्हतो.

झिंगरुजी परत आले तेव्हा मी सांगणारच होतो. शब्द जमवून ठेवले होते. ते आले, उघड्या इंजिनाकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माह्यं काई चुकलं का मिस्त्री?"

एखाद्याला कसं सांगावं, की तू ज्याला दर शनिवारी बायकोच्या कढईतलं तेल काढून पाजलंस, त्याला तूच विष दिलंस? मला सांगवेना. शिवाय मालकाचं ते वाक्य कानात होतं. ड्रायव्हरची चूक म्हटली की हा माणूस आजच घरी. आणि खरं बोलायचं तर तिसरंही एक कारण होतं. बैलाचा दाखला माझा होता.

"नाही," मी म्हटलं. "तुमचं काही नाही चुकलं. पण आता याच्यात मी नवीन तऱ्हेचं तेल टाकून राह्यलो. त्यात दुसरं काहीच मिसळायचं नाही."

ते थांबले. "शनवारचं भी नाई?"

"थेंबभर पण नाही."

"म्हातारं हाय हो ते," ते म्हणाले. पण मिस्त्रीचा शब्द म्हणून त्यांनी मान्य केलं.

तीन दिवस मी ते इंजिन धुतलं. डिझेलने, रॉकेलने, तांब्याच्या ब्रशने, लाकडी चाकूने. तेलाच्या वाटांतून तार घालून घालून बोटं सोलली. चौथ्या दिवशी यादवराव आले आणि विचारलं, "काय झालतं?"

"वय झालं मालक," मी म्हटलं. "दुसरं काही नाही. आता चालेल."

वाटलं, किती छान सांभाळून घेतलं. कुणाचं नाव नाही, कुणाची नोकरी नाही, इंजिनही साफ. सकाळी पहिल्या फटक्यात सुरू झालं तेव्हा झिंगरुजींनी बॉनेटवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून हसले.

पंधरा दिवस सुखाचे गेले. मग गाडीच्या मागून निळा धूर येऊ लागला. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. आठवड्याला अर्धा शेर खाणारं इंजिन आता दोन शेर खाऊ लागलं, आणि चढावर तर दमच धरेना. मी पुन्हा झाकण उघडलं. आत सगळं आरशासारखं स्वच्छ. मग हे काय? बराच विचार केल्यावर एक शंका आली, आणि ती आजपर्यंत शंकाच राहिली आहे. कड्या आधीच फार झिजलेल्या होत्या. त्या जवसाच्या पापुद्र्याने वाटा बुजवल्या होत्या हे खरं, पण कदाचित झिजलेल्या फटीही त्यानेच बुजवल्या होत्या. मी खरवडून काढलं ते दुखणं होतं की आधार होता? की माझाच ब्रश जास्त चालला? आणि तो थर तसाच ठेवला असता तर इंजिन एक दिवस पुरतं जाम होऊन बसलं नसतं का? त्यानंतर पुष्कळ इंजिनं उघडली, पण जवस प्यालेलं दुसरं भेटलं नाही. पडताळायचं कशावर?

एका बाजाराच्या दिवशी गाडी वणेच्या चढावर पुन्हा थांबली. बाया टोपल्या डोक्यावर घेऊन चालू लागल्या. मी धावत यादवरावांकडे गेलो. म्हटलं, कड्या नव्या टाकू, सिलिंडर घासून घेऊ, इंजिन अजून पाच वर्षं चालेल.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मिस्त्री, वय झालं म्हणून तुमीच सांगतलं होतं न?"

"सांगितलं होतं, पण..."

"मंग म्हाताऱ्याले नवे दात बसवून काय फायदा?"

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. जवस, शनिवार, बैलाचा दाखला, माझं खोटं. यादवरावांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी कसंतरी होतं. म्हणाले, "गाडी वाचवाले आता काई भी सांगता तुमी. इंजिनात कोणी जवसाचं तेल टाकते का?" माझा पहिला शब्द त्यांनी खरा मानला होता, कारण मी कधी खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. आठ दिवसांत नागपूरचा एक व्यापारी येऊन गाडी ओढून घेऊन गेला. झिंगरुजी गाडीमागे पुलापर्यंत चालत गेले, असं वच्छलाबाईने सांगितलं.

त्यानंतर ते मला टाळत होते की मी त्यांना, कळत नाही. दोन-तीन वर्षांनी हिंगणघाटला जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत ते दिसले. पुन्हा बैलगाडीवर, लोकाच्या. मला बघून खाली उतरले, हॉटेलात घेऊन गेले, दोन चहा सांगितले. इकडचं तिकडचं झालं. मग बशीतला चहा तसाच ठेवून म्हणाले, "एक इचारू का मिस्त्री? खरं सांगजा."

"विचारा."

"शनवारचं तेल बंद केलं, म्हणूनच गेलं न ते?"

मी त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर कुठलं सांगू? तुम्ही पाजलं म्हणून बिघडलं, हे? की मी खरवडलं म्हणून गेलं, हे? की मी ते एक वाक्य बोललो म्हणून विकलं गेलं, हे? आणि पहिली दोन तर मला धड ठाऊकही नव्हती.

"हो," मी म्हटलं. "मी बंद करायला नको होतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. गाडी गेल्यापासून धरून ठेवलेला असावा. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी बॉनेटवर ठेवायचे तसा.

"जाऊ द्या," झिंगरुजी म्हणाले. "तुमी कायले मनाले लावून घेता? तुमच्या घरी बैल नव्हता. तुमाले कसं समजन?"